‘छान दिसतेस’च्या पुढे

आमटी चांगली झाली की ती दुसऱ्यांदा वाढून घ्यायची, ही आपल्या घरांतली दाद. तोंडानं काही बोलायचं नाही. माझ्या सासरी, धारवाडला, मामा म्हणजे माझे सासरे ताट पुढे करून ‘इन्ना स्वल्प हाक’ म्हणाले की स्वयंपाकघरात आनंदीआनंद व्हायचा. आणि अगदीच खूश झाले तर? तर ‘परवागिल्ल’! बस्स, त्याच्यावर काही नाही. माझ्या माहेरी शहापूरलाही फार वेगळं नव्हतं. वडिलांचं एक ‘बरं झालंय की’ आईला दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पुरायचं. भाषा दोन, पण काटकसर एकच!

या काटकसरीला कारणंही होती. मोठं कारण म्हणजे दृष्ट. कुणी म्हणालं, बाळ गोड आहे हं, की आजी लगेच कानशिलावर बोटं मोडणार आणि तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकणार. कन्नड घरातही ‘दृष्टि आगतद’ म्हणून तीच धावपळ. नवी साडी नेसून बाहेर निघालेल्या सुनेला ‘छान दिसतेस’ असं म्हणत नसत, ‘काजळाचा ठिपका लाव’ म्हणत. तो ठिपका हेच कौतुक. आणि पुलंनी ‘गणगोत’मध्ये रंगवलेले आपल्या बेळगावचे रावसाहेब आठवतात ना? ज्याच्यावर जीव, त्याला शिव्या जास्त. आपल्या भागात आजही असे रावसाहेब गल्लोगल्ली भेटतात.

घरात हे सगळं खपून जातं. तिथं माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, ठिपक्याचा आणि शिवीचा अर्थ बरोबर लागतो. अडचण येते ती जिथं अजून काहीच ठरलेलं नाही तिथं. कुणीतरी मनात भरलंय. रोज दिसतं, बोलणंही होतं, आणि त्या माणसाला काहीतरी चांगलं सांगावंसं वाटतंय. अशा वेळी आपल्या मुलांना बोलायला शब्दच नसतात, कारण घरात ते कधी ऐकलेलेच नाहीत. मग ते सिनेमातून उचलले जातात. सिनेमातला नायक म्हणतो तसं ‘तुझे डोळे’ वगैरे सुरू होतं, आणि समोरची मुलगी एकतर हसते नाहीतर घाबरते.

कॉलेजात शिकवण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. त्यामुळे अशा फजित्या जवळून पाहिल्या. एक गंमत तर अजून आठवते. कोकणातून शिकायला आलेल्या एका मुलीला गॅदरिंगच्या दिवशी वर्गातला हुबळीकडचा मुलगा म्हणाला, ‘भाळ छंद काणतीरि.’ ती तरातरा स्टाफरूममध्ये आली. ‘मॅडम, मला कसला छंद आहे म्हणतोय हा?’ आता आपल्या वाचकांना सांगायला नको की मराठीतला छंद वेगळा आणि कन्नडमधला छंद वेगळा. तिला अर्थ सांगितला तेव्हा ती लाजली आणि मग तिला रागही आला. ‘मग असं सरळ मराठीत सांगायला काय झालं?’ मला मात्र त्या वाक्यातला ‘री’ आवडला होता. धारवाड-हुबळीकडची मुलं वर्गातल्या मुलीलाही ‘री’ लावून बोलतात, त्यानं बोलणं आपोआप सभ्य अंतरावर राहतं. आपल्या मराठी मुलांची गाडी पहिल्याच दिवशी ‘तू’वर! अजून ओळख नसेल तर ‘तुम्ही’नं सुरुवात करायला काही हरकत नसते. ‘तू’ म्हणायची परवानगी समोरून मिळते, तेव्हा तिची गोडी निराळीच असते.

पण त्या मुलाचं वाक्य फारसं लक्षात राहण्यासारखं नव्हतं, हेही खरं. गॅदरिंगच्या दिवशी सगळ्याच मुली छान दिसतात आणि सगळ्यांना कुणी ना कुणी ते सांगतच असतं. जोन मेन्स आणि नेसा वुल्फसन या अमेरिकेतल्या दोन भाषाभ्यासक. त्यांनी लोकांच्या रोजच्या बोलण्यातली जवळजवळ सातशे कौतुकाची वाक्यं गोळा केली. १९८१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना आढळलं ते असं, की विशेषण वापरून केलेल्या कौतुकात दोन तृतीयांश वेळा फिरून फिरून तीच पाच विशेषणं येतात. आपली पाच मोजून पाहा. छान, मस्त, सुंदर, भारी, एक नंबर. कन्नडमध्ये छलो, छंद, सूपर, आणि पुन्हा मस्त. मस्त तर दोन्हीकडे चालतं, त्याला सीमाभागाचा रहिवासी दाखलाच द्यायला हवा!

ही वाक्यं वाईट नाहीत. दिवसभर चालणारी ती सुटी नाणी आहेत. पण आवडलेल्या माणसाला सुटे पैसे काय द्यायचे?

इथं मला कन्नडमधले दोन शब्द फार उपयोगी वाटतात. एक ‘होगळिके’, दुसरा ‘मेच्चुगे’. मराठीत दोन्हींचं भाषांतर आपण ‘स्तुती’ असं करून मोकळे होतो, पण त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. होगळिके म्हणजे वाखाणणं, चढवणं. जो उठता-बसता हे करतो तो ‘होगळुभट्ट’, आपल्याकडचा भाट. मेच्चुगेत आधी मनापासून आवडणं आहे. म्हणून तर ‘मेच्चि मदुवे आदरु’ म्हणतात, एकमेकांना पसंत पडून लग्न केलं. होगळायला समोरच्याकडे बघावंही लागत नाही, पाठ केलेलं असलं तरी चालतं. मेच्चायला मात्र बघावंच लागतं.

काय बघायचं, हा खरा प्रश्न. माझं मत सांगते. नाक, डोळे, रंग, उंची ही आई-वडिलांची देणगी. त्याचं कौतुक ऐकून बरं वाटतं, नाही असं नाही, पण त्यात त्या माणसाचं स्वतःचं असं काय आहे? त्यानं स्वतः निवडलेलं, शिकलेलं, मेहनतीनं केलेलं, किंवा कुणी बघत नाही असं समजून केलेलं काही तुमच्या नजरेला पडलं, तर ते सांगा. (आणि ‘गोरी’ हा शब्द तर कौतुकातून काढूनच टाका. तो ऐकून सावळी बहीण शेजारी उभी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.)

कसुतीचंच उदाहरण घेऊ. इरकल साडीवर कसुती भरलेली असली की सगळे म्हणतात, ‘वा, साडी छान!’ कौतुक साडीला पोचतं. पण कसुती करणाऱ्या बाईचं कसब कापडाच्या मागच्या बाजूला असतं. छापील नक्षी नाही, कापडाचे धागे मोजून टाके घालायचे, गाठ कुठंही मारायची नाही. गवंतीचा टाका तर असा, की एकदा धावदोरा घालत जायचं आणि परत येताना मधल्या जागा भरत यायचं. नीट जमला तर पुढून आणि मागून नक्षी एकसारखीच दिसते. माझ्या एका सहकारी बाईंनी स्वतः भरलेली साडी नेसली होती. ऑफिसातल्या एका गृहस्थांनी (तेव्हा दोघंही अविवाहित, पस्तिशीच्या पुढची) पदराचं टोक टेबलावर पडलेलं पाहिलं आणि विचारलं, ‘मागूनसुद्धा इतकं स्वच्छ! तुम्हीच भरलंय का? कुठं शिकलात?’ बाईंनी मग पंधरा मिनिटं गवंती आणि मुरगी यांतला फरक समजावून सांगितला. गृहस्थांची आई कसुती करायची, म्हणून त्यांना मागची बाजू बघायची सवय होती. पुढच्या वैशाखात त्यांचं लग्न झालं. कसुतीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, पण बाई मला म्हणाल्या होत्या, ‘इतक्या वर्षांत साडी उलटून बघणारा हा पहिलाच.’

त्या गृहस्थांनी कळत-नकळत आणखी एक शहाणपणा केला. कौतुकाला प्रश्न जोडला. याचं महत्त्व समजून घ्या. आपल्याला कुणी चांगलं म्हटलं की आपली किती तारांबळ उडते! ‘इश्श, काहीतरीच तुमचं’, ‘अहो जुनीच आहे’, ‘सेलमध्ये घेतली’. हे काही आपल्याच बायकांचं नाही. अनिता पोमेरान्त्झ या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७८ मध्येच हा पेच मांडून ठेवलाय. कौतुक ऐकणाऱ्यानं ‘हो’ म्हणावं तर स्वतःची बढाई होते, ‘नाही’ म्हणावं तर बोलणाऱ्याला खोटं पाडल्यासारखं होतं. मग माणूस काहीतरी तिरकं बोलून सुटका करून घेतो. कौतुकापाठोपाठ साधा प्रश्न आला, तर त्याला सुटकेची वाट मिळते. उत्तर प्रश्नाला द्यायचं, आणि कौतुक गुपचूप पदरात बांधून ठेवायचं.

आता माझंच सांगते. मैत्रिणीच्या लग्नाला धारवाडला गेले होते. पंगतीत वाढायला माणसं कमी पडली म्हणून मी कोशिंबिरीचं भांडं घेतलं. संध्याकाळी निघताना मैत्रिणीचा मावसभाऊ रिक्षापर्यंत सोडायला आला. वाटेत दोघंही गप्प. मग तो म्हणाला, ‘मक्कळिगे मोदल बडसिद्री. ना नोडिदे.’ मुलांना आधी वाढलंत, मी पाहिलं. एवढंच! ना छंद, ना छलो, एकही विशेषण नाही. माझं कन्नड तेव्हा बाजारापुरतं होतं, तरी हे वाक्य बेळगावपर्यंत माझ्याबरोबर आलं. कोपऱ्यात बसलेल्या भुकेल्या मुलांकडे मी आधी गेले होते, ते मी स्वतःही विसरले होते. कुणी दिसण्याबद्दल बोललं असतं तर मी सावध झाले असते. यानं मला न दिसलेली मीच मला दाखवली. दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. त्यानंतर आमच्या ह्यांनी अशी वाक्यं फार बोलली असं नाही. ते मामांचेच चिरंजीव!

आपला हा भाग गाण्याचा. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी आणि बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व ही सगळी याच मातीतली माणसं. त्यामुळे दाद कशी द्यायची, हे आपल्याला शिकवायला नको. मैफलीत प्रत्येक तानेला ‘वाहवा’ करणारा एक असतो, आणि सगळी मैफल डोळे मिटून ऐकून एकाच जागेला हलकेच ‘आहा’ म्हणणारा एक असतो. गाणारा त्या दुसऱ्याकडे बघतो. त्यानं ऐकलंय हे त्याला कळतं. आवडलेल्या माणसाच्या बाबतीतही तोच हिशेब. रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर फुलं आणि बदाम पाठवणारा हा प्रत्येक तानेला वाहवा करणारा. महिन्यातून एकदा, जागा बघून, एकट्यात आणि थोडक्यात. चार मित्रांदेखत तर मुळीच नको, तिथं ती दाद मित्रांसाठी होते.

काही कौतुकं अशी असतात की ती न केलेली बरी. ‘आज छान दिसतेस’मधला ‘आज’ बघा कसा टोचतो. ‘तू बाकीच्या मुलींसारखी नाहीस’ म्हणजे एकीला उचलायला सगळ्याजणींना खाली बसवायचं. आणि आपल्या सीमाभागातलं खास वाक्य, ‘तुम्ही कन्नड असूनही मराठी किती चांगलं बोलता!’ उलट बाजूनंही हेच ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण तो ‘असूनही’ ऐकणाऱ्याला अंगणातच उभं करतो. मी लग्नाआधी आणि नंतर ते इतक्यांदा ऐकलंय की आता मोजत नाही. त्यापेक्षा माझ्या भाच्याचं वाक्य चांगलं. त्याला आवडलेली मुलगी कन्नड घरातली. ती एकदा काही कामानं घरी आली आणि त्याच्या आजीशी अर्धा तास मोडक्या मराठीत बोलत बसली. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला सांगितलं, ‘आजी कालपासून तुमच्याच गोष्टी सांगतेय. तिचं ऐकून घ्यायला आम्हाला कुणाला वेळ नसतो.’ मराठी किती शुद्ध, याचा उल्लेखसुद्धा नाही.

भाच्याला मी एकच भर घालायला सांगितली, पुढचं कौतुक कन्नडमधून कर. चुकलं तर चुकू दे. दुसऱ्याच्या भाषेत बोलताना माणूस सिनेमातलं पाठ वाक्य टाकू शकत नाही, शब्द शोधावे लागतात, आणि तो शोध समोरच्याला दिसतो. परक्या म्हटल्या जाणाऱ्या भाषेत मन उघडं करता येतं याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्या धारवाडातच आहे. द. रा. बेंद्रे मराठी घरातले, कविता कन्नडमध्ये, आणि १९७३ चा ज्ञानपीठ ‘नाकुतंती’ या कन्नड संग्रहाला. भाच्याची मजल तिथवर जाणार नाही, पण ‘निम्म’ आणि ‘निन्न’ यांत त्याचा गोंधळ झाला आणि ती खळखळून हसली, इतकं मला कळलंय.

न बोलण्याची किंमत मात्र मी घरातच पाहिली. मामा गेले त्यानंतर महिन्याभरानं त्यांचे एक जुने मित्र भेटायला आले. बोलता बोलता म्हणाले, ‘संध्याकाळी कट्ट्यावर बसलो की तो आम्हाला ऐकवायचा. आमच्या घरच्या एण्णगायीची चव अख्ख्या धारवाडात नाही म्हणायचा.’ अत्तींच्या हातात चहाचा कप होता. त्यांनी तो खाली ठेवला. ‘नन्ग हेळबेकित्तल्ल,’ म्हणाल्या. मला सांगायला हवं होतं की. पुढे काही बोलल्या नाहीत. बावन्न वर्षांचा संसार, आणि कौतुक पोचलं कट्ट्यावर!

माणसं सांगत का नाहीत? संकोच वाटतो, समोरच्याला अवघड होईल असं वाटतं. एरिका बूथबी आणि व्हॅनेसा बॉन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी याची परीक्षा घेतली. अनोळखी माणसाचं कौतुक करायला सांगून आधी अंदाज विचारले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की ऐकणाऱ्याला किती आनंद होईल याचा अंदाज लोक कमी करतात, आणि त्याला किती अवघडल्यासारखं होईल याचा अंदाज जास्त करतात. तो अभ्यास प्रेमातल्या कौतुकाबद्दल नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. तरी अत्तींचा तो खाली ठेवलेला कप आठवला की मला तो पटतो.

मात्र याचा अर्थ बोलतच सुटायचं असा कुणी काढू नये. मुलींच्या पालकांना आणि मुलांच्याही पालकांना हे स्पष्ट सांगते. कौतुक ही मागणी नव्हे. ते देऊन टाकायचं आणि बाजूला व्हायचं. समोरून नुसतं ‘थँक्यू’ आलं, किंवा काहीच आलं नाही, मेसेजला उत्तर आलं नाही, वाट बदलली गेली, तर ते उत्तरच आहे. मराठीत ‘दाद न देणं’ हा वाक्प्रचार उगाच नाही. मुलीनं दाद दिली नाही, तर पुन्हा पुन्हा जाऊन तेच ऐकवणं हे कौतुक राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेतही हे आहे. अश्लील शेरेबाजी कलम ७५ खाली येते, आणि स्त्रीनं स्पष्ट नापसंती दाखवूनही तिच्या मागे जाऊन वारंवार संपर्क साधत राहणं हा कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा होतो. आई-वडिलांनी मुलग्यांशी हे घरात बोलावं. आपल्याकडे मुलींना ‘सांभाळून जा’ रोज सांगतात, मुलग्यांना कुणी काही सांगत नाही.

ठरवून होणाऱ्या लग्नांत तर वेगळीच पंचाईत. पोहे असोत नाहीतर उप्पीट, दहा मिनिटं गच्चीवर बोलायला पाठवतात आणि ती ‘पगार किती’, ‘स्वयंपाक येतो का’ यातच संपतात. तिथंही बघायला पुष्कळ असतं. मुलगी आत जाताना आजोबांची काठी सरळ करून गेली, मुलानं बशी स्वतः उचलून आत नेली, कपाटातल्या पुस्तकांवर धूळ नाही. त्यातलं एक सांगितलं तर पुढची नऊ मिनिटं सोपी जातात.

आणि हो, हे सगळं मी मुलांनी मुलींना काय सांगावं असंच लिहीत गेले. मुलींनीही बोलावं ना! आपल्या परंपरेत ती सोय नव्हती असं नाही. मराठीत उखाणा आणि कन्नडमध्ये ओडपु. नवऱ्याचं नाव घेण्याच्या निमित्तानं चारचौघांत त्याचं कौतुक करून घ्यायची केवढी युक्ती! फक्त ती लग्न ठरल्यावरची. त्याआधी मुलग्याला कुणी काही चांगलं म्हणतच नाही. अभ्यासात मार्क किती आणि नोकरी लागली का, यापलीकडे त्याच्याकडे कुणी बघत नाही. माझ्या पुतणीनं तिच्या ऑफिसातल्या एका मुलाला नुसतं इतकं सांगितलं, की मीटिंगमध्ये शिपाईकाका चहा घेऊन आले तेव्हा बोलणं थांबवून त्यांना आधी वाट देणारे तुम्ही एकटेच होतात. तो ‘हो का?’ म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. पुढे त्याच्या आईकडून कळलं, त्या दिवशी घरी गेल्यावर त्यानं ही गोष्ट तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा तर भाकरी थापत असलेल्या आईला मुद्दाम हाक मारून!